साउंडहाउस : किंग्जबरीच्या पबातला हेवी मेटल अड्डा आणि डीजे नील के

बेसवाला

नमस्कार मंडळी. हा धागा दोन वर्षं डोक्यात घोळतोय, आज बसलोच लिहायला. लांबण लागणार आहे, चहा घेऊन या.

गेल्या वर्षी गणपतीत कामासाठी लंडनला होतो. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात आरतीला गेलो, प्रसाद घेतला, बाहेर पडलो आणि स्टेशनवरचा नकाशा बघताना एकदम ट्यूब पेटली, की अरे इथून नीसडन, वेम्बली पार्क आणि मग किंग्जबरी, तीनच स्टेशनं! पंधरा वर्षांचा होतो तेव्हापासून हे नाव माहीत, एका कॅसेटच्या कव्हरमुळे, आणि ते मंडळाच्या इतकं जवळ असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. घरी फोन करून सांगितलं उशीर होईल आणि ज्युबिली लाइन पकडली.

किंग्जबरीला बाहेर पडलं की फरसाणाची दुकानं, मिठाई, साड्या, कानावर सगळी गुजराती. रस्त्याने पुढे २०१४ साली झालेलं स्वामीनारायण मंदिर. मी मात्र उलट्या बाजूला सर्कलपाशी जाऊन हातात मोदकाचा पुडा घेऊन उभा. कारण सत्तरच्या दशकात याच किंग्जबरी सर्कलला प्रिन्स ऑफ वेल्स नावाचा पब होता, त्याच्याच जागेत बँडवॅगन नावाचा हॉल, आणि त्या हॉलात १९७५ पासून नील के नावाचा लांब केसांचा एक माणूस रेकॉर्डी लावायचा. त्याने त्या जागेला नाव दिलं हेवी मेटल साउंडहाउस.

आता हा काळ कसला होता ते आधी सांगतो, नाहीतर गंमत कळणार नाही. १९७६-७७ म्हणजे लंडनमध्ये पंकची, म्हणजे छोट्या, साध्या, रागीट रॉक गाण्यांची लाट. गाण्यांच्या साप्ताहिकांत पान उघडलं की पंक. लांब केस, लांब गिटार सोलो, डेनिमचं जॅकेट हे सगळं आता संपलं असं छापून यायचं. हेवी मेटल ऐकणारी पोरं मात्र होती तिथेच होती, त्यांना कुणी विचारत नव्हतं एवढंच. डिस्कोत जावं तर तिथे यांचं गाणं लागणार नाही, मोठ्या बँडची मैफल वर्षातून एकदोनदा. मग बाकीचे तीनशे साठ दिवस ही पोरं जाणार कुठे? तर किंग्जबरीला. लंडनच्या पार वायव्य टोकाला, आपल्याकडे कसं टाउनच्या हिशोबाने बदलापूर, तसं. आणि पोरं येत होती, लांबून लांबून येत होती.

साउंडहाउसची खासियत म्हणजे तिथे बँड असायलाच पाहिजे असं नव्हतं. रेकॉर्डच वाजायच्या, पण मोठ्या पीए सिस्टिमवर (मैफलीला लावतात त्या स्पीकरांवर), एखाद्या मैफलीला बसावं तशा आवाजात. घरी आईवडिलांच्या धाकाने बारीक आवाजात ऐकलेलं गाणं तिथे छातीवर आदळायचं. आणि समोर स्टेजवर कुणी नसल्यामुळे ऐकणारेच बँड झाले. रॉब लूनहाउस या नावाने ओळखला जाणारा एक जण तर हार्डबोर्ड कापून बनवलेली गिटार घेऊन यायचा आणि गाण्यातला एकेक सोलो सुरागणिक हात फिरवून वाजवायचा. तारा नाहीत, आवाज नाही, पण बोटं बरोब्बर जागेवर. पुढे त्याची बघून बाकीच्यांनीही पुठ्ठ्याच्या, लाकडाच्या गिटारी आणल्या. आज जगभर एअर गिटारच्या स्पर्धा होतात, त्या बघताना मला हा माणूस आठवतो. त्याचे फोटो बघितलेत का? तोंडावर जो भाव आहे ना, डोळे मिटलेले, मान मागे, तो ढोल वाजवताना आपल्या पथकातल्या पोरांच्या तोंडावर असतो तोच आहे.

पण हा धागा काढायचं खरं कारण नील केने केलेली एक साधी गोष्ट. लोक येऊन गाण्यांची फर्माईश करायचे. तसं तर कुठल्याही डीजेकडे करतात. केने त्या फर्माइशी मोजायला सुरुवात केली. कुठलं गाणं किती जणांनी मागितलं त्याचा तक्ता करायचा आणि तो साउंड्स नावाच्या साप्ताहिकाकडे पाठवायचा. साउंड्सने तो हेवी मेटल चार्ट म्हणून छापायला घेतला. विचार करा, बाकीचे चार्ट दुकानातल्या विक्रीवर निघायचे, हा एकच असा की जो एका पबात जमलेल्या पोरांच्या तोंडून निघायचा. रेकॉर्ड बाजारात आहे की नाही, कंपनी मोठी की छोटी, रेडिओवर लागतं का, कशाचा संबंध नाही. तुम्हाला काय ऐकायचंय? लिहून घेतलं. बस.

१९७८च्या ऑगस्टमध्ये साउंड्सचा जेफ बार्टन स्वतः तिथे गेला. के बरेच दिवस त्यांच्या मागे लागला होता, या एकदा, बघा तरी. बार्टनने साउंडहाउसच्या बुधवारच्या रात्रीवर मोठा लेख लिहिला आणि मग काय, देशभरातल्या पोरांना कळलं की अशी एक जागा आहे, आपण एकटे नाही.

आणि मग आली ती कॅसेट. ३०-३१ डिसेंबर १९७८, केम्ब्रिजमधला स्पेसवर्ड स्टुडिओ. लंडनच्या ईस्ट एंडचा एक बँड वर्षाच्या शेवटच्या दोन दिवसांत चार गाणी रेकॉर्ड करतो. मास्टर टेप विकत घ्यायला पैसे नव्हते, नंतर आणू म्हणाले, आणि परत गेले तोवर स्टुडिओने ती पुसून वापरायला घेतली होती! राहिल्या त्या फक्त बरोबर आणलेल्या प्रती. त्यातली एक त्यांनी नील केला नेऊन दिली. अशा ढिगाने कॅसेट त्याच्याकडे यायच्या. पण ही त्याने घरी लावली आणि तो थांबेचना, परत परत लावत बसला, आणि मग बँडच्या स्टीव्ह हॅरिसला फोन केला. बँडचं नाव आयर्न मेडन.

केने ती टेप साउंडहाउसमध्ये लावली. पोरांनी मागितली. पुन्हा मागितली. एप्रिल १९७९मध्ये त्यातलं प्राउलर हे गाणं साउंड्समधल्या साउंडहाउस चार्टवर पहिल्या नंबरावर गेलं. रेकॉर्ड नाही, कंपनी नाही, दुकानात विकत मिळत नाही, आणि देशात छापल्या जाणाऱ्या चार्टवर एक नंबर. मला आजही हे लिहिताना काटा येतो. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला मेडनने त्यातली तीन गाणी स्वतःच्या खर्चाने छापली, ५००० प्रती, फक्त पोस्टाने. नाव ठेवलं द साउंडहाउस टेप्स आणि मागचा मजकूर लिहायला सांगितला नील केला. डिसेंबरात ईएमआय या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्याशी करार केला.

स्वतःच्या पहिल्यावहिल्या रेकॉर्डला एका पबातल्या डीजेच्या अड्ड्याचं नाव देणारा बँड तुम्ही दुसरा कुठला बघितलाय?

कोणाकडे भर घालायला असेल तर घाला. चुकलं असेल तर कान पकडा.

कॅसेटकर

वा वा वा. एका दमात वाचला. बेसवाला भावा, तू म्हणतोस ते कॅसेटचं कव्हर कुठलं रे?

माझ्याकडून थोडी भर. तारीख ८ मे १९७९, कॅमडनमधलं म्युझिक मशीन (आता त्याच इमारतीत कोको नावाचा क्लब आहे). एंजल विच, आयर्न मेडन आणि सॅमसन असे तीन बँड एका रात्री, आणि रेकॉर्डी लावायला नील के. साउंडहाउसचं जे होतं ते पहिल्यांदा शहराच्या मध्यात मोठ्या हॉलात आलं ते इथे. याच मैफलीबद्दल साउंड्समध्ये जे छापलं त्यात न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल हा शब्दप्रयोग आला, पुढे या नव्या बँडांच्या सगळ्या लाटेला हेच नाव पडलं. सगळे म्हणतात बार्टनने काढला, पण शब्द मुळात संपादक अ‍ॅलन लुइसचा. लेख बार्टनचा, मथळ्यातलं नाव संपादकाचं. बार्टनने स्वतःही हे सांगितलेलं आहे.

आणि एक छोटी गोष्ट जी मला फार आवडते, ज्युबिली लाइन उघडली १ मे १९७९ला, म्हणजे या मैफलीच्या आदल्याच आठवड्यात. त्याआधी किंग्जबरीला जाणारी गाडी बेकरलू लाइनची होती. म्हणजे साउंडहाउसची सगळी जुनी पोरं आली ती बेकरलूने.

बेसवाला

कॅसेटकर, बेकरलूचं माहीत नव्हतं, धन्यवाद! आता पुढच्या वेळी त्या फलाटावर वेगळ्या नजरेने उभा राहीन.

कव्हर म्हणजे मेटल फॉर मुथाज या संकलनाचं, त्यात वेगवेगळ्या बँडची गाणी होती. डोंबिवलीत आमच्या वरच्या मजल्यावरच्या दादाचा मामा गल्फला होता, त्याने आणलेली. त्यावर नील केचं नाव होतं. मला वाटायचं हा कुठला तरी गायक असणार, सगळी गाणी ऐकून शोधत बसलो होतो यातला नील केचा आवाज कुठला म्हणून! मग दादा म्हणाला अरे तो गात नाही, तो निवडतो. हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

टाइनकाठचा

लेख चांगला आहे पण मी थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. मी बावीस वर्षं न्यूकासलला राहतो आणि इथल्या जुन्या लोकांसमोर तुम्ही किंग्जबरीचं कौतुक केलंत तर ते ऐकून घेतील आणि मग शांतपणे मेफेअरचं नाव काढतील.

मेफेअर बॉलरूम, न्यूकासल. लेड झेपलिनने ब्रिटनमधला पहिला कार्यक्रम केला तो इथे, ४ ऑक्टोबर १९६८, तेव्हा अजून न्यू यार्डबर्ड्स या नावाने वाजवत होते. पुढे तिथे रॉक नाइट सुरू झाल्या, तिथेही डीजेच रेकॉर्डी लावायचा, तिथेही मधल्या फ्लोअरवर केस सोडून डोकी हलवणारी शेकडो पोरं, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. १९९९ला बंद पडलं, पाडलं, आणि त्या जागी द गेट नावाचं संकुल झालं. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंची आणि त्यांच्या नवऱ्याची ओळख मेफेअरला झाली, आजही त्या रस्त्याने जाताना त्या दोघांचं बोलणं थांबतं.

शिवाय बँड सगळे काही लंडनचे नव्हते. सॅक्सन बार्न्सलीचे, डेफ लेपर्ड शेफिल्डचे, डायमंड हेड स्टाउरब्रिजचे, आणि आमच्या टाइन नदीकाठी वॉल्सेंडमधल्या नीट रेकॉर्ड्स या छोट्याशा कंपनीने टायगर्स ऑफ पॅन टँग, रेव्हन, व्हेनम काढले. मेडनसुद्धा साउंडहाउसने जन्माला घातलेला बँड नाही, ते स्ट्रॅटफर्डच्या कार्ट अँड हॉर्सेस आणि ईस्ट हॅमच्या रस्किन आर्म्समध्ये आधीपासून वाजवत होते. डेफ लेपर्डने तर १९७९च्या जानेवारीतच स्वतःची ईपी (तीन-चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड) काढली, मेडनच्या दहा महिने आधी. मग एका डीजेला इतकं श्रेय कसं काय?

अबोली

टाइनकाठचे काका, त्या जोडप्याचं वाचून गलबलून आलं.

मला मेटलमधलं फारसं कळत नाही, मुलगा ऐकतो म्हणून मी ऐकते. पण प्रश्न आहे. रेडिओ नव्हता का? बीबीसीवर लागत नव्हतं का हे सगळं?

कॅसेटकर

अबोलीताई, होता ना. बीबीसी रेडिओ वनवर टॉमी व्हान्सचा फ्रायडे रॉक शो नोव्हेंबर १९७८ला सुरू झाला, निर्माता टोनी विल्सन. शुक्रवारी रात्री दहा ते बारा. आणि नुसत्या रेकॉर्डी नाही, बँडना बीबीसीच्या स्टुडिओत बोलावून वाजवून घ्यायचे. मेडनने त्यांच्यासाठी १४ नोव्हेंबर १९७९ला वाजवलं, म्हणजे साउंडहाउस टेप्स निघाल्यावर पाचच दिवसांनी. पण आठवड्यातून दोन तास! पूर्ण देशाला मिळून दोन तास. टॉमी व्हान्सचा आवाज म्हणजे खर्जातला, भारदस्त, आपल्या आकाशवाणीच्या जुन्या निवेदकांसारखा. तो माणूसही मोठाच. मी नील के विरुद्ध टॉमी व्हान्स अशी कुस्ती लावणार नाही.

बेसवाला

टाइनकाठचे काका, राग कसला, हेच तर पाहिजे होतं. मेफेअरवर तुम्ही स्वतंत्र धागा काढा, माझी हात जोडून विनंती.

तुमच्या प्रश्नाचं मला जे वाटतं ते सांगतो. बँड सगळीकडे होते, बरोबर. अड्डे पण सगळीकडे होते, बरोबर. केने बँड घडवले असं मी म्हणतच नाही. त्याने काय केलं, तर बार्न्सलीच्या पोराला शेफिल्डच्या पोराची खबर लागेल अशी एक जागा करून दिली, आणि ती जागा हॉल नव्हती, तो साप्ताहिकातला चौकोन होता. जो पोरगा कधीच किंग्जबरीला जाणार नाही त्यालाही दर आठवड्याला कळायचं की तिथे या आठवड्यात काय मागितलं. मग तो आपल्या गावातल्या डीजेकडे जाऊन तेच मागायचा. बँडना कळायचं की टेप कुठे पाठवायची. मेडनने पाठवली, प्रेइंग मँटिसने पाठवली (त्यांच्या १९७९च्या ईपीचं नावसुद्धा साउंडहाउस टेप्स पार्ट टू!). हे सगळं मेफेअरमध्ये घडलं नाही ते मेफेअर कमी होतं म्हणून नाही, तर तिथल्या फर्माइशी हवेत विरल्या आणि इथल्या छापल्या गेल्या म्हणून.

आणि हे लोण कुठपर्यंत गेलं बघा. कॅलिफोर्नियात राहणारा लार्स उल्रिक नावाचा डॅनिश पोरगा हे साउंड्स मिळवून वाचत होता, त्यातली नावं बघून रेकॉर्डी मागवत होता. १९८१च्या उन्हाळ्यात विमानात बसून डायमंड हेडला बघायला इंग्लंडला आला आणि त्यांच्याच घरी राहिला. परत जाऊन त्याने मेटॅलिका हा बँड काढला. १९९०मध्ये याच लार्सने याच जेफ बार्टनबरोबर त्या काळच्या ब्रिटिश बँडांचं संकलन काढलं. मधल्या काळात बार्टनने जून १९८१ला केरँग! हे मेटलचं नियतकालिक सुरू केलेलं, आधी साउंड्सची पुरवणी म्हणून.

साउंडवाला_पुणे

धागा वाचून राहवलं नाही म्हणून बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं. माझा पस्तीस वर्षं साउंडचा धंदा, आता मुलगा बघतो. तुम्ही सगळे चार्ट आणि बँडवर बोलताय, मी जरा त्या माणसाच्या टेबलापाशी काय चालत असेल ते सांगतो, कारण ते काम मी केलंय.

लोकांना वाटतं डीजे म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात ताल न तोडता नेणारा. मेटलला ते चालतच नाही. गाण्याची लय मधेच बदलते, आधी संथ, मग भरधाव, शेवटी परत संथ. त्यामुळे गाणं पूर्ण लावायचं, सोलो कापायचा नाही, शेवटची तार विरेपर्यंत हात आवरायचा आणि मग विरली रे विरली की पुढचं गाणं पहिल्या ठोक्यापासून लागलं पाहिजे. एका सेकंदाची शांतता गेली तर समोरची पोरं ओरडतात. त्यासाठी हेडफोनवर सुई गाण्याच्या तोंडाशी आणायची, रेकॉर्ड हाताने थोडी उलटी फिरवून धरायची, खाली फेल्ट (नमद्यासारखं कापड) असतं म्हणून तबकडी फिरत राहते आणि रेकॉर्ड बोटाखाली थांबते, बोट उचललं की गाणं सुरू. हे करताना समोर चार जण चिठ्ठ्या नाचवतायत.

दुसरी गोष्ट. ज्या एलपीची एक बाजू पंचवीस मिनिटांची असते तिच्या रेघा बारीक आणि आवाज कमी, सतरा मिनिटांची असेल तर रेघा रुंद, आवाज मोठा. आणि बाजूचं शेवटचं गाणं मधल्या कागदाजवळ येतं तिथे धार कमी होते. म्हणजे प्रत्येक रेकॉर्डला आवाज हाताने सांभाळावा लागतो. त्यातून मेडनची ती टेप म्हणजे कॅसेट. छापील रेकॉर्डनंतर कॅसेट लावली की आवाज एकदम बसतो आणि वर सुस्स अशी खरखर येते. मोठ्या सिस्टिमवर तर उघडंच पडतं सगळं. तरी पोरांनी ती मागितली म्हणजे गाण्यात काय दम असेल बघा, आणि के पण ती लावताना हातचं राखून लावत नसणार. हे मला बेसवालांच्या लेखातलं सगळ्यात मोठं वाटलं.

आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे सुई. आवाज मोठा केला की जमीन हलते, जमीन हलली की टेबल, टेबल हललं की सुई, आणि सुईने ती थरथर उचलली की परत स्पीकरमधून तीच बाहेर, घूंऽऽऽ करत वाढत जाते. वर नाचणाऱ्यांचे पाय. आम्ही एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगला लाकडी स्टेजवर टर्नटेबल ठेवलेलं, पहिल्याच गाण्याला पोरं उडाली आणि सुई सरळ एलपीच्या या टोकाहून त्या टोकाला, रेकॉर्डवर कायमचा ओरखडा. रेकॉर्ड माझी नव्हती, मित्राची होती, त्याने भावाकडून आणलेली. मी त्याला भरून दिली पण तशी परत मिळाली नाही. पुढच्या वेळी मी दोन शहाबादी फरश्या टेम्पोत घालून नेल्या, खाली चौपदरी गोधडी, वर फरशी, फरशीवर टर्नटेबल. मग कितीही नाचा. बरेच जण हेडशेलवर (सुई बसवतात त्या टोकावर) चार आण्याचं नाणं चिकटवायचे, ते करू नये, सुई जडावते आणि रेकॉर्ड खरवडून निघते.

टाइनकाठचा

साउंडवाले, हा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. इथेही जुन्या लोकांकडून काँक्रीटच्या लाद्यांचं ऐकलंय. गोधडी मात्र खास आपली!

बेसवाला, तुमचं उत्तर पटलं. छापलं गेलं म्हणून टिकलं. पण मग मेफेअरचं दुःख जास्तच होतं.

मी_मुलुंडकर

थोडं अवांतर, पण राहवत नाही. १ फेब्रुवारी २००८, बीकेसीचं मैदान, मेडन मुंबईत. त्यांच्या त्या जगभराच्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईला झाला होता आणि गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवत बँडला आणि सगळ्या सामानाला घेऊन आला होता. मी, माझा धाकटा भाऊ आणि बिल्डिंगमधले दोघं. कुर्ल्याहून चालत गेलो. मैदानात माझ्या पुढे एक पन्नाशीचे गृहस्थ, शर्ट इन केलेला, ऑफिसची बॅग खांद्याला, आणि गाणं सुरू झाल्यावर त्यांनी बॅग पायांमध्ये धरली आणि पूर्ण वेळ हवेत बेस वाजवला. प्रत्येक गाणं. बोटं बरोब्बर जागेवर. आता रॉब लूनहाउसचं वाचलं आणि ते काकाच आठवले.

आपल्याकडे असा अड्डा कुठला म्हणाल तर धोबीतलावचं रंगभवन, १९८६ला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला ते. आणि नंतर जुहूचा रॅझबेरी ऱ्हायनोसेरस हा क्लब. रंगभवन शांतता क्षेत्रात आलं आणि आवाजाच्या नियमांनी बंद झालं. पण तिथे दोन बँडच्या मधल्या वेळात कुणीतरी गाणी लावायचंच ना? कोण लावायचं? काय लावायचं? मी इतक्या वेळा गेलोय आणि मला एकही नाव आठवत नाही.

अबोली

मुलुंडकर, हेच माझ्या मनात आलं. नील के नंतर काय करत होता?

कॅसेटकर

ताई, फेब्रुवारी १९८०मध्ये ईएमआयने मेटल फॉर मुथाज काढलं, ते केनेच निवडलेलं. मेडनची दोन गाणी, शिवाय सॅमसन, एंजल विच, प्रेइंग मँटिस, स्लेजहॅमर वगैरे. त्याचा दौरा निघाला, त्यातही के डीजे. आणि मग १६ ऑगस्ट १९८०, कॅसल डॉनिंग्टन, मॉन्स्टर्स ऑफ रॉक हा मैदानी महोत्सव पहिल्यांदाच. रेनबो, जुडास प्रीस्ट, स्कॉर्पियन्स, सॅक्सन, आणि हजारोंच्या त्या मैदानात बँडच्या मधल्या वेळात रेकॉर्डी लावायला नील के. किंग्जबरीच्या हॉलातून पाच वर्षांत तिथे. मुलुंडकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर डॉनिंग्टनला आहे, रंगभवनला नाही, हेच वाईट वाटतं.

बेसवाला

मुलुंडकर, तुमचे ते काका! ते इथे वाचत असतील तर कृपया प्रतिसाद द्या.

साउंडवाले काका, तुम्हाला एक विचारतो. तुमच्यापुढे ज्या चिठ्ठ्या यायच्या त्यांचं तुम्ही काय करायचात? गाणं लावून झालं की फेकायचात?

साउंडवाला_पुणे

फेकत होतो. बसच्या तिकिटामागे, मेसच्या कुपनामागे, सिगारेटच्या पाकिटाच्या चंदेरी कागदावर, कशावरही लिहून द्यायची पोरं. पण एकच गाणं दोनदा लागू नये म्हणून मी एका वहीत लिहून घ्यायचो, लागलं की रेघ मारायची. पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही. बेसवाला, तुमचा लेख वाचल्यावर काल माळ्यावर चढलो, मुलगा ओरडत होता पडाल म्हणून. वायरींच्या खोक्यात खाली सापडली. कडा कसरीने खाल्ल्यात पण अक्षर वाचता येतंय. रविवारी मुलाकडून पानांचे फोटो काढून इथे टाकतो.

एक पान आत्ताच उतरवतो. हॉस्टेलचं गॅदरिंग, डिसेंबर १९९१. बावीस फर्माइशी, एकोणीस लागल्या. मेडन चार जणांनी मागितलं, ते दोनदा लावलेलं दिसतंय, बहुतेक पोरांनी सोडलं नसणार. मेटॅलिका सहा. आणि खाली एकाने डायमंड हेड मागितलंय. पुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय, नाही आपल्याकडे, कोणाकडे असेल तर विचारणे.

टाइनकाठचा

माझ्याकडे आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.